प्रिय मदतनीस

घराला डोकं एकच असतं, आणि आमच्या घराचं ते माझ्या बायकोच्या खांद्यांवर आहे. गॅसवाल्याचा नंबर, आईच्या गोळ्या, वॉशिंग मशीनच्या लहरी, कुठल्या नातेवाइकाशी सध्या आपलं बोलणं आहे आणि कुणाशी नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. माझ्या डोक्यात काय असतं हे कुणी विचारू नये. मी वीजमीटरच्या तक्रारी नोंदवणाऱ्या कचेरीत काम करतो आणि घरी आल्यावर डोकं पिशवीबरोबर खुंटीला टांगतो.

तर हे घराचं डोकं महिनाभर परगावी जाणार, असा प्रसंग आला. बायको शाळेत चित्रकला शिकवते. रंगीत काचेच्या कामाची एक निवासी कार्यशाळा असते, तिथे तिला जागा मिळाली. महिनाभर शिकायचं आणि शेवटी प्रत्येकाने स्वतःची एक खिडकी करायची. मध्येच सोडून जाणाऱ्याला खिडकीही नाही आणि पुन्हा प्रवेशही नाही. तिने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि फळांच्या भांड्याखाली सरकवलं.

"जमायचं नाही," ती म्हणाली.

का जमायचं नाही हे ती बोलली नाही, पण मला कळलं. मागे ती आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. मी पहिल्या दिवशी साखर कुठे आहे म्हणून फोन केला, मग कात्री कुठे आहे म्हणून, मग साखर परत कुठे ठेवायची म्हणून. तिसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात उभी होती. बहिणीशी धड गप्पाही झाल्या नव्हत्या.

पत्राची ती घडी बघून मला खरंच वाईट वाटलं. मी ते बाहेर काढून तिच्या हातात दिलं.

"तू जा. मी महिनाभर एकही फोन करणार नाही."

"आणि अडलं तर?"

"अडणार नाही. जायच्या आधी सगळं लिहून ठेवतो."

खिडकीजवळच्या खुर्चीतून आईने विचारलं, "कशात?"

आमच्या आईला एका शब्दात माणसाला खड्ड्यात ढकलण्याची हातोटी आहे. पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे झालं.

सरळमार्गी माणसाने दुकानातून वही आणली असती. मीही तिकडेच निघालो होतो, पण जिन्यात वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर भेटला. त्याला आम्ही 'क्लाउड' म्हणतो, कारण त्याचे फोटो, हिशेब, पत्रं आणि बहुतेक मतंसुद्धा क्लाउडवर असतात. वहीचं नाव काढताच त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं.

"काका, वहीतल्या नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत. ॲपमध्ये जोडता येतात. 'मशीन' या नोंदीत 'दुरुस्तीवाला' हा शब्द असतो, त्याच्यावर बोट ठेवलं की दुरुस्तीवाल्याची नोंद उघडते. तिथून त्याचा पत्ता, पत्त्यावरून नकाशा. असं जोडत गेलं की काही दिवसांत तुमचा दुसरा मेंदू तयार."

पहिल्याचा अनुभव जमेस धरता मला दुसऱ्याची कल्पना लगेच पटली.

समोरच्या दारातल्या बाई तिथेच कुलूप लावत होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि आमच्या इमारतीत अजून कुणी पास झालेलं नाही असं त्यांचं मत आहे. "जोडायचं मागाहून बघा," त्या म्हणाल्या, "आधी काय लिहायचंय ते लिहा." सल्ला शहाणपणाचा होता, म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही.

क्लाउडने तीन ॲप सुचवली. त्यांची खरी नावं सांगून मला कुणाचा रोष ओढवून घ्यायचा नाही, आम्ही घरात ठेवलेली नावं सांगतो. पहिलं 'कपाट'. त्यात कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा. दिसायला झकास. पण आईचे डोळ्यांचे थेंब 'आई'त ठेवावेत, 'औषधं'त ठेवावेत की ते फ्रिजमध्ये असतात म्हणून 'फ्रिज'मध्ये, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. थेंब घालायचे राहिले ते वेगळंच.

दुसरं 'कोळी'. यात प्रत्येक नोंद हा एक ठिपका आणि प्रत्येक जोडणी ही एक रेघ. बोट लावलं की सगळं जाळं तरंगत हलायचं. मी त्यात काही लिहिलं नाही, पण हलवलं पुष्कळ. आईने चष्म्यातून पाहून विचारलं, "कंगव्यातला गुंता आहे का रे?"

तिसरं 'कोरा कागद'. यात काहीच नव्हतं. रंग नाही, कप्पा नाही, बटण नाही. क्लाउडच्या मते जाणकार हेच वापरतात. मी अर्धा तास त्याच्याकडे पाहत बसलो आणि ते माझ्याकडे. आपण जाणकार नाही हे त्याला माझ्या आधी समजलं असावं.

निवड करायची तर तुलना पद्धतशीर हवी. मी तक्ता आखला. जोडणी, शोध, वेग, दिसणं, आणि 'आईला समजेल का' असे रकाने केले. बायको बॅग भरताना अधूनमधून विचारायची, "मशीनचं लिहिलंत का?" मी म्हणायचो, "आधी ॲप ठरू दे." पाया पक्का नसताना मजले चढवणाऱ्यांतला मी नाही.

जेवणाच्या सुट्टीत काम पुढे न्यावं म्हणून कचेरीतल्या संगणकावर ॲप टाकायला गेलो, तर संगणक विभागातल्या माणसाने लेखी अर्ज मागितला. अर्जाला कारण हवं, म्हणून मी तक्ता जोडला. इथे माझं चुकलं. आमच्या कचेरीत तक्ता जोडलेला कागद परत येत नाही, पुढे जातो. तो खरेदी विभागाकडे गेला. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी घ्यायचं चाललंय. त्यांनी तो वरिष्ठांकडे पाठवला आणि तिथून माझ्याकडे लाल शाईतला शेरा आला : "चौथ्या पर्यायाचा विचार का केला नाही, याचा खुलासा करावा. तसेच आईला समजेल का, हा निकष कोणत्या नियमानुसार, तेही कळवावे."

निकषाचा खुलासा मी आजतागायत केलेला नाही. पण चौथा पर्याय शोधणं भाग होतं. तोच हा 'चव्हाटा'. या ॲपमध्ये एकाच नोंदीत अनेकांना लिहिता येतं. शिवाय त्यात एक 'मदतनीस' मिळतो. हा माणूस नव्हे, हे यंत्र. आपल्या नोंदी वाचून प्रश्नांची उत्तरं देतं म्हणे. पहिला महिना फुकट. सगळ्यांना दिसतं की नाही हे तपासायला मी चव्हाटा बायकोच्या फोनवरही टाकला, तिला सदस्य केलं, 'नमस्कार' असं लिहून पाहिलं, तिच्या फोनवर ते उमटलं, रकान्यात दहापैकी नऊ गुण दिले आणि ती गोष्ट विसरून गेलो.

ती निघाली त्या सकाळी माझ्या दुसऱ्या मेंदूत एकच पूर्ण नोंद होती. शीर्षक होतं, 'नोंदी ठेवण्याच्या ॲपची तुलना'.

"मशीनचं लिहिलंत ना?" तिने रिक्षात बसता बसता विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो. म्हणजे, लिहिणार होतो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर खिडकीत बसलेल्या आईकडे पाहून हात हलवला. रिक्षा वळेपर्यंत ती मागेच बघत होती. काकू आठ दिवसांत परत येणार, असं क्लाउड म्हणाला. समोरच्या बाई चार म्हणाल्या.

मग मात्र मी चव्हाट्यावरच झपाटल्यासारखा लिहायला बसलो. लिहायला फारसं नव्हतं, कारण माहिती सगळी परगावी गेली होती. म्हणून मी जोडण्यांवर भर दिला. मशीनला सुताराशी जोडलं, कारण त्याचं स्टँड सुताराने केलं होतं. सुताराला आईच्या खुर्चीशी, खुर्चीला गुडघ्याशी, गुडघ्याला डॉक्टरांशी, डॉक्टरांना त्यांच्या मुलीच्या लग्नाशी. शेकड्यांनी जोडण्या झाल्या. जाळं असं घट्ट विणलं की आत शिरलेला माणूस सहज बाहेर पडू नये.

त्यात पहिला शिरलो तो मीच. रविवारी कपडे लावले आणि मशीनमध्ये पाणी यायला लागलं ते थांबेचना. खालून बाहेर यायला लागलं. मी फोन काढून 'मशीन' उघडलं. तिथे 'सुतार'. सुतारावर बोट ठेवलं तर 'खुर्ची'. पाणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत असताना मी डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नात होतो.

आईने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. "अरे, फडकं कुठल्या नोंदीत आहे?" तिने शांतपणे विचारलं.

शेवटी मी घराचा मुख्य पाणीपुरवठाच बंद केला. तो कुठे आहे हे माहीत नव्हतं म्हणून आधी क्लाउडच्या घराचा बंद केला. तो तेव्हा आंघोळीला बसला होता. साबणाच्या फेसासकट खाली येऊन त्याने मला योग्य ती चावी दाखवली.

लादी पुसून झाल्यावर मी बायकोचा नंबर लावला. एक रिंग जायच्या आत तोडला. एक फोन गेला की दुसरा जाणार, आणि तिसऱ्याला ती रिक्षातून उतरणार, हे मला दिसत होतं. तिच्या हातात अजून काचेचा तुकडासुद्धा आला नसेल. मी चव्हाटा उघडला आणि फुकटच्या मदतनिसाला लिहिलं. क्लाउडने बजावलं होतं की यंत्राशी नम्रपणे बोललं तर उत्तरं चांगली येतात. माणसांच्या बाबतीतही हे खरं असावं, पण प्रयोग करून पाहायला कधी सवड झाली नव्हती.

'प्रिय मदतनीस,' मी लिहिलं, 'मशीनचं पाणी थांबत नाही. मी फार अडचणीत आहे. कृपया मार्ग दाखवावा.'

उत्तर लगेच आलं नाही. फुकटवाल्यांना रांगेत बसवत असतील. संध्याकाळी चहाच्या वेळी पाहिलं, तर माझ्या ओळींखाली लिहिलेलं होतं :

'अहो, मशीनच्या मागे निळा नळ आहे, तो अर्धाच उघडायचा. आणि दार जरा उचलून लावायचं. लादी कोरडी केलीत ना? आई घसरतील.'

तसं केलं आणि मशीन निमूटपणे फिरायला लागलं. मी थक्क झालो. निळ्या नळाबद्दल मी कुठेच लिहिलं नव्हतं. मशीनवरून सुतार, सुतारावरून खुर्ची, खुर्चीवरून आई, आईवरून घसरणं, हे यंत्राने माझ्याच जोडण्यांवरून ताडलं होतं. नळाचा रंग कसा ताडला हे क्लाउडला विचारलं, तर तो म्हणाला की हल्ली काही सांगता येत नाही. मला विशेष आवडलं ते 'अहो'. मराठी रीतभात इतकी बारकाईने शिकवलेलं यंत्र मी प्रथमच पाहत होतो.

मग मी रोज विचारायला लागलो. उत्तरं दुपारच्या चहाला किंवा संध्याकाळी यायची, आणि प्रत्येक अचूक. कुंड्यांना पाणी खालच्या बशीत घाला. दूधवाला दार वाजवत नाही, खोकतो. आईंना गोळी जेवणाआधी, आणि घेतली म्हणाल्या तरी पाकीट बघा. पुढे पुढे न विचारलेलंही यायला लागलं. 'बाईंची शिडी परत केलीत का?' असं आलं, तेव्हा सामाजिक जबाबदारीचं भान असलेलं सॉफ्टवेअर म्हणून मी ते क्लाउडला नेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी आलं, 'केस कापून या.' हे त्याला दाखवलं नाही, पण कापून आलो.

आईला या चमत्काराचं काही वाटलं नाही. "हुशार आहेच ती," एवढंच म्हणाली. ॲपला ती का म्हणते, हे मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात फार खोलात जाऊ नये.

आणि का कोण जाणे, माझी नम्रता वाढत गेली. सुरुवातीला उत्तरं चांगली यावीत म्हणून लिहायचो, नंतर मनापासून लिहायला लागलो. मी बोलण्यातला माणूस नाही, पण यंत्रासमोर लाजायचं कसलं? 'प्रिय मदतनीस, तुमच्या सांगण्याप्रमाणे आईच्या गुडघ्याला शेक दिला. आज ती स्वतः उठून गॅलरीत गेली. इतक्या बारीकसारीक गोष्टींकडे तुमचं लक्ष असतं, आणि आम्हाला ते दिसतसुद्धा नाही.' 'प्रिय मदतनीस, तुम्ही नसता तर हे घर केव्हाच खाली बसलं असतं.' एकदा सहज विचारलं, 'तुमचे कुणी आभार मानतं का हो?'

त्या दिवशी उत्तर उशिरा आलं. 'नाही. सवय आहे.'

यंत्राचा हा विनय माझ्या मनाला लागला. मी त्याखाली चांगल्या दहा-बारा ओळी लिहिल्या.

चार दिवस गेले, आठ गेले, बायको परत आली नाही. क्लाउड आणि बाई दोघंही चुकले. मी फोन केला नाही, तिचाही मला आला नाही. आईला मात्र रोज यायचा आणि आई दार लोटून बोलायची. माझी कीर्ती इमारतभर पसरली. तिच्या परतीच्या आधीच्या रविवारी खालच्या खोलीत रहिवाशांची सभा होती. गच्चीच्या गळतीचा विषय दरवर्षीप्रमाणे संपल्यावर क्लाउड उठून म्हणाला, "आता काका आपल्याला दाखवतील, नोंदी जोडून अख्खं घर कसं चालवायचं ते."

माझ्या फोनचा पडदा त्याने भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. मी चार ॲपच्या तुलनेवर छोटंसं भाषण केलं. कपाट का बाद झालं, कोळी शोभेला कसा बरा, कोऱ्या कागदाचे भक्त कसे गर्विष्ठ. "आणि हा मदतनीस," मी म्हणालो, "कुठलाही प्रश्न विचारा." मग सगळ्यांदेखत लिहिलं, 'प्रिय मदतनीस, आम्ही सभेत आहोत. आपल्याविना आमच्या घराचं कसं झालं असतं, हे सर्वांना सांगावं.'

रविवारी रांग नसावी. उत्तर लगेच भिंतीवर उमटलं.

'झालं असतं कसंतरी. अहो, सभेला गेलात ते गॅसवर दूध ठेवून नाही ना?'

खोली हसली. मी हसलो नाही, कारण दूध गॅसवरच होतं. फोन तिथेच टाकून दोन दोन पायऱ्या चढत वर पळालो. दूध खाली उतरवून झाकून ठेवलेलं होतं आणि आई त्याच्याजवळ स्टुलावर बसली होती.

"तुला कसं कळलं?" मी धापा टाकत विचारलं.

"सूनबाईचा फोन आला आत्ता."

"तिला कसं कळलं?"

आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "लहानपणी तुला गणितात तीन वेळा बसवलं होतं," ती म्हणाली, "ते उगाच नाही."

मी जिना उतरून खाली आलो. बाई टीव्हीसमोर उभ्या राहून मुख्याध्यापिकेच्या खणखणीत आवाजात वाचत होत्या, "'...तुम्ही नसता तर हे घर केव्हाच खाली बसलं असतं.' शुद्धलेखन बरं आहे." क्लाउडच्या हातात माझा फोन होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "मदतनीस बंद आहे. तुम्ही तो कधी सुरूच केला नव्हता. इथे दोनच सदस्य दिसतायत. तुम्ही आणि काकू."

महिनाभराचं माझं काळीज भिंतीवर लागलं होतं आणि पुढच्या रांगेतले लोक ते चष्मे पुसून वाचत होते. अंगात होता नव्हता तेवढा मान गोळा करून मी फोन घेतला, "गच्चीचं बघा तुम्ही," असं सभेला सांगितलं आणि जिन्यात येऊन बसलो. मग महिन्यातला पहिला फोन केला.

"काय झालं?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही. दूध वाचलं." मग मी विचारलं, "ते मी जे लिहायचो... तुला काय वाटायचं, मी कुणाला लिहितोय?"

"यंत्राला," ती म्हणाली. "वर लिहिलेलंच असायचं ना. पण उत्तर द्यायला यंत्र नव्हतंच. तुम्ही एकटे आणि घरभर पाणी. मग मी दिलं."

"मग सांगायचं नाही का?"

तिच्या मागून कुणीतरी काच ठोकत असल्याचा बारीक आवाज येत होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतं," ती म्हणाली. "इथे सगळ्यांना घरून फोन यायचे, हे कुठे आहे, ते कुठे आहे. मी चहाच्या सुट्टीत तुमचं वाचायचे आणि परत कामाला बसायचे. परवा खिडकी पूर्ण झाली माझी."

"काय काढलंस त्यात?"

"निळा नळ," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग मीही हसलो, इतका की बाई सभेच्या खोलीचं दार उघडून बघून गेल्या.

ती खिडकी आता आमच्या स्वयंपाकघरात लावलेली आहे. दुपारचं ऊन आलं की मशीनवर निळा डाग पडतो. कचेरीतून अजून खुलासा मागताहेत, तो यथावकाश देईन. चार ॲपपैकी तीन काढून टाकली, चव्हाटा ठेवला. बायको आता रोज घरी भेटते, तरी मी कचेरीतून रोज चार ओळी लिहितो. एकदा वरचं 'प्रिय मदतनीस' खोडून तिथे तिचं नाव घातलं, तर संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, जुनंच राहू द्या, नावाने लिहायला लागलात की आखडता हात घ्याल. म्हणून तेच ठेवलंय. काल लिहिलं, 'प्रिय मदतनीस, सकाळी तुम्ही नेसलेली हिरवी साडी फार छान दिसत होती.'

चहाच्या वेळी उत्तर आलं, 'पोचलं. आणखी लिहा.'